कोयत्याचे मत

निवडणुकीचा निकाल लागला की मराठवाड्यातील मतदाराविषयी एक ठरीव वाक्य मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित वर्तुळांत ऐकू येते : तो जातीवर मत देतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईत जेमतेम निम्म्या मतदारांनी मतदान केले. बीडमध्ये हे प्रमाण सुमारे ७१ टक्के होते. पाणी, शाळा आणि दवाखाना ज्याला पैसे मोजून मिळतो त्याला मतपेटीची निकड भासत नाही. ज्याला मागण्यासाठी सरकारवाचून दुसरे दार नाही, तो मे महिन्याच्या उन्हात रांगेत उभा राहतो.

तेव्हा जातीवरचे मत म्हणजे नेमके काय, हे तपासले पाहिजे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो स्त्री-पुरुष ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेब मात्र बहुधा एकट्या नवऱ्याच्या नावे. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांची सुटका नाही. कारखाना त्यांना आपले कामगार मानीत नाही, कारण त्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी असतो. तोडणीचा दर वाढतो तो संप आणि लवाद यांतून, आणि लवाद म्हणून बसतात ते राजकीय पुढारी. जानेवारी २०२४ मधील ३४ टक्के दरवाढही याच मार्गाने आली. अशा व्यवस्थेत आपल्या समाजाचा पुढारी बलवान असावा असे मजुराला वाटले तर तो अडाणीपणा नव्हे, व्यवहार आहे. कामगार संघटनेच्या रिकाम्या जागेवर येथे जात येऊन बसली आहे. ती जागा रिकामी ठेवण्यात डाव्या व समाजवादी चळवळींचाही वाटा नाही काय?

या व्यवहाराची किंमत मात्र मजूरच मोजतो. दर वाढवून देणाऱ्या पुढाऱ्याला गावात पाणी आणलेच पाहिजे अशी सक्ती राहत नाही. दुष्काळी गाव ओस पडते म्हणूनच तर कारखान्यांना स्वस्त मजूर मिळतो. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष मोजला, तो सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा भरला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. अनुशेषाच्या त्या मोजणीत जिल्हे होते. कालव्याखालची जमीन कोणाची, हा तिचा विषय नव्हता. पण राजकारणाने ती मर्यादा सोयीची करून घेतली. प्रदेशावरील अन्यायाच्या नावाने मते मागितली गेली, मंत्रिपदे मिळाली, आणि जेथे पाणी आले तेथे मराठवाड्यातही ऊसच उभा राहिला. भूमिहीनाचा अनुशेष कोणत्याच तक्त्यात चढला नाही.

त्याहून मोठी विषमता मतदानाच्या तारखेत दडलेली आहे. लोकसभेचे मतदान एप्रिल-मे महिन्यांत होते, तेव्हा तोडणी कामगार बहुधा घरी परतलेला असतो. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले. गाळप हंगामासाठी सरकारने १५ नोव्हेंबर हा दिवस ठरविला होता. जिल्हा परिषदांचे मतदान तर २०१२ व २०१७ या दोन्ही वेळी फेब्रुवारीत, ऐन गाळपात झाले. ज्या संस्थेकडे गावची शाळा, दवाखाना आणि पाझर तलाव, तिच्याच निवडणुकीला तो शेकडो मैल दूर असतो. उमेदवाराने गाडी पाठवली तर येतो. गाडीत बसवून आणलेल्या मतदाराला स्वतंत्र मत उरते असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

सैनिकाला टपाली मत आहे, ८५ वर्षांवरील वृद्धाला घरबसल्या मत आहे. ते योग्यच आहे. स्थलांतरितांसाठीच्या दूरस्थ मतदान यंत्राचे जानेवारी २०२३ मधील प्रात्यक्षिक राजकीय पक्षांच्या आक्षेपांत अडकले. त्या आक्षेपांत तथ्य असेलही. पण स्थानिक निवडणुकांना नव्या यंत्राची गरज नाही. तारखा राज्य निवडणूक आयोग ठरवितो. ऊसतोडीच्या जिल्ह्यांत पट्टा पडल्यावर, एप्रिलअखेर ते पावसाळ्याआधी, मतदान ठेवावे ही मागणी तोडणी कामगारांच्या संघटनांनी दरवाढीच्या मागणीइतक्याच जोराने लावून धरली पाहिजे.