संध्याकाळचं जहाज

क्रूझवरून आलेली माणसं आधी जेवणाबद्दल सांगतात. पदार्थ किती होते, जैन जेवण मिळालं की नाही, मध्यरात्री पिझ्झा कुठल्या डेकवर असतो. मग बाल्कनीतले फोटो. संध्याकाळचा विषय मात्र ‘रोज काहीतरी शो असायचा’ एवढ्यावर आटपतो. मला ते खटकतं. जहाजावरची सगळ्यात मोलाची गोष्ट घडते ती संध्याकाळीच, आणि ती घडवणाऱ्यांकडे आपण धड पाहतही नाही.

आता सुट्ट्यांत कितीतरी मराठी कुटुंबं मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला किंवा सिंगापूरहून निघणाऱ्या बोटींवर जातात. म्हणून थोडं व्यवहाराचं आधी.

मोठ्या जहाजावर संध्याकाळ जेवणाभोवती बेतलेली असते. मुख्य डायनिंग रूममध्ये बहुधा दोन पंगती उठतात, एक सहाच्या सुमारास, दुसरी आठ-साडेआठला. पहिली पंगत जेवून थिएटरकडे निघते तेव्हा दुसरी शो पाहून जेवायला येत असते. एकच शो रात्री दोनदा होतो आणि पाऊण तासात संपतो, तो यामुळे. आपल्याला नऊच्या आत भूक लागत नाही, म्हणून पुष्कळजण दुसरी पंगत मागून घेतात. मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर पहिलीच घ्या, नाहीतर मुलं ताटावर पेंगतात.

थिएटर बहुतेक जहाजांवर पुढच्या टोकाला असतं, आणि रंगमंच त्याच्याही पुढे. लाटांवर जहाजाची टोकं सगळ्यात जास्त वरखाली होतात, मधला भाग कमी. ज्यांना बोट लागते त्यांनी पहिल्या रांगेचा मोह सोडून मागे बसावं. मागच्या रांगा जहाजाच्या मध्याच्या जवळ येतात. आणि तिथून पाहताना एवढं ध्यानात असू द्या, की ज्या हलण्यानं आपल्याला खुर्चीतही मळमळतं, त्याच जमिनीवर ही पोरं टाचांचे बूट घालून नाचताहेत, एकमेकांना खांद्यावर उचलताहेत. समुद्र जास्त खवळला तर उड्या आणि उचलणं कमी करून तेच नृत्य वेगळ्या तऱ्हेनं करतात. प्रेक्षकांना फरक कळतही नाही.

उघड्यावरचे शो मात्र वाऱ्याच्या हातात असतात. रॉयल कॅरिबियनच्या २००९ मध्ये आलेल्या ‘ओॲसिस ऑफ द सीज’वर मागच्या टोकाला उघडं ॲक्वाथिएटर आहे, तिथे दहा मीटर उंचीवरून माणसं तलावात सूर मारतात. वारा वाढला की असा शो रद्द होतो. म्हणून आरक्षण मिळेल त्या पहिल्याच रात्रीचं घ्यावं, शेवटच्या रात्रीवर ठेवू नये.

कथा शोधायला गेलात तर निराश व्हाल, हेही सांगायला हवं. प्रेक्षकांत दहा भाषा बोलणारी माणसं बसलेली असतात, त्यामुळे मोठ्या शोमध्ये शब्द कमी आणि नाच, कसरती, जादू, सगळ्यांच्या कानावरून गेलेली गाणी जास्त. ‘हेअरस्प्रे’ किंवा ‘कॅट्स’सारख्या ब्रॉडवेच्या संगीतिका ‘ओॲसिस’वर झाल्या आहेत, पण तो अपवाद. दोन अंकी नाटकावर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला बाकीचं पातळ वाटतं, आणि ते वाटणं चुकीचं नाही.

माझं मन रमतं ते छोट्या लाउंजमध्ये. तिथे पाट्या नसतात, आरक्षण नसतं. व्हायोलिन-पियानोची जोडी किंवा चारजणांचा बँड, समोर पंधरा-वीस माणसं. अशाच एका बँडमध्ये बेस गिटार वाजवणारे गोव्यातल्या सासष्टीचे एक गृहस्थ भेटले. मधल्या सुट्टीत मी त्यांच्या स्टँडवरचे कागद पाहायला मागितले. पाश्चात्त्य नोटेशनची पानं, आणि त्यांवर पेन्सिलीच्या खुणा. एके ठिकाणी गोल करून बाण काढला होता. तो कशाचा, म्हणून विचारलं.

‘‘इथे गायिका लोकांशी बोलते. किती वेळ, ते तिलाही ठाऊक नसतं. तोवर हेच चार बार फिरवत राहायचे, आणि तिनं मान हलवली की पुढे.’’

‘‘तालीम कधी झाली?’’

‘‘आज दुपारी. एकदाच.’’

पाहुणे गायक एखाद्या बंदरावर चढतात, दुपारी वादकांच्या हातात कागद ठेवतात आणि रात्री शो होतो. कागद पाहताक्षणी वाजवता येणं ही या नोकरीची पहिली अट. गोव्याच्या माणसांपाशी ती विद्या पिढ्यान्‌पिढ्या आहे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी शिकवत. तिथे शिकलेली मुलं मुंबईच्या हॉटेलांत वाजवू लागली, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली आणि जहाजांवरही गेली. गोव्यात बोटीवरच्या माणसाला तारवटी म्हणतात. किती घरं त्यांच्या मनीऑर्डरींवर उभी राहिली आहेत. आपण क्रूझवर मजेला जातो, तेव्हा आपल्या शेजारच्याच मुलखातला माणूस तिथे महिनोन्‌महिने घर सोडून वाजवत असतो. त्याच्याशी चार शब्द बोलावेसे वाटू नयेत?

या कलावंतांचं आणखी एक काम असतं. जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत होते, आणि लोक ती उरकून टाकतात. लाइफ जॅकेट कसं बांधायचं हे दाखवणारी मुलगी पुष्कळदा रात्री रंगमंचावर दिसते. नर्तक, गायक, वादक, सगळ्यांना संकटकाळातलं काम नेमून दिलेलं असतं.

ते किती खरं असू शकतं, हे ऑगस्ट १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ दिसलं. ‘ओशियानोस’ हे ग्रीक जहाज ईस्ट लंडनहून डर्बनला निघालं होतं. वादळात इंजिनरूममध्ये पाणी शिरलं, दिवे गेले. प्रवासी लाउंजमध्ये जमले होते, आणि अंधारात, कलत्या जमिनीवर कलावंत गिटार वाजवून त्यांच्याबरोबर गात राहिले. काय चाललंय हे कुणी सांगेना, तेव्हा गिटारवादक मॉस हिल्स ब्रिजवर गेला. तिथे एकही अधिकारी नव्हता. त्यानं रेडिओ उचलून मदत मागितली. पलीकडून त्याचा हुद्दा विचारला गेला; आपण गिटारवादक आहोत, असं त्यानं सांगितलं. लाइफबोटी संपल्यावर उरलेल्या माणसांना हेलिकॉप्टरच्या दोराला बांधून वर पाठवण्याचं काम तो, त्याची बायको ट्रेसी आणि त्यांचे सहकारी करत राहिले. कप्तान बऱ्याच प्रवाशांच्या आधी हेलिकॉप्टरनं निघून गेला होता. जहाज बुडालं, पण त्यावरचे ५७१ जण सगळे वाचले. टायटॅनिकच्या वादकांची गोष्ट जगाला पाठ आहे. ‘ओशियानोस’ची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा जाल तर मोठा शो जरूर पाहा, पण एक रात्र लाउंजसाठी राखून ठेवा. साडेदहानंतर जा, गर्दी ओसरलेली असते. मोबाइल पर्समध्ये ठेवा आणि पुढच्या टेबलावर बसा. आवडतं गाणं मागा. जुनी हिंदी गाणी पुष्कळांना येतात, आणि एखादं येत नसेल तर चाल गुणगुणून दाखवा, दुसऱ्या रात्री बसवून आणतात. घरी परतल्यावर कंपनीचा अभिप्रायाचा फॉर्म येतो. त्यात सगळे जेवणाबद्दल लिहितात. तुम्ही वादकांची नावं लिहा. कार्यक्रमपत्रकात असतात, नसली तर जहाज सोडण्याआधी त्यांनाच विचारून घ्या. त्यांचा पुढचा करार ठरताना असे अभिप्राय पाहिले जातात.