छाटणीच्या काड्यांसाठी छोटा चिपर : अनुदानाआधी तासांचा हिशेब करा

द्राक्षाची एप्रिलमधील खरड छाटणी, डाळिंबाची बहार धरण्यापूर्वीची छाटणी, विदर्भात संत्र्याची सल काढणे, कोकणात जुन्या आंबा बागांचे पुनरुज्जीवन. या प्रत्येक कामानंतर बांधावर काड्या-फांद्यांचा ढीग उभा राहतो. उचलायला मजूर मिळत नाहीत, चुलीसाठी पूर्वीइतकी मागणी राहिलेली नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी ढीग पेटवला जातो. राखेत पालाश आणि चुना उरतो. पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातो.

या पार्श्वभूमीवर पेट्रोल इंजिनवरचे किंवा लहान ट्रॅक्टरला जोडायचे छोटे चिपर-श्रेडर बागायतदारांच्या चर्चेत आहेत. खरेदीला अनुकूल बदलही झाले आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर आणि अनेक शेती अवजारांवरील जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. महाडीबीटीवर सोडतीऐवजी 'प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य' ही पद्धत आली. त्यामुळे 'आधी अर्ज करू, यंत्र कोणते ते नंतर बघू' अशी घाई दिसते. या यंत्रात मात्र घाई महागात पडते. यंत्र फायद्याचे ठरेल की शेडमध्ये गंजेल, हे अनुदानापेक्षा वर्षाला ते किती तास चालते यावर ठरते.

अनुदान मोठे की तास मोठे?

हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. आपल्या भागातील दर टाकून हाच हिशेब करावा. यंत्राची किंमत 1 लाख 20 हजार रुपये धरू.

- एकट्याने, 50 टक्के अनुदानावर : स्वतःचे 60 हजार रुपये. आयुष्य 10 वर्षे धरल्यास घसारा वर्षाला 6 हजार, व्याज 3 हजार, दुरुस्ती 3 हजार. एकूण 12 हजार. दोन-तीन एकर बागेत वर्षाला 30 तास काम असेल, तर तासाला 400 रुपये.
- गटाने, अनुदानाशिवाय : पूर्ण 1 लाख 20 हजार रुपये. वापर जास्त म्हणून आयुष्य 6 वर्षेच धरू. घसारा 20 हजार, व्याज 6 हजार, पाती-बेल्ट-दुरुस्ती 14 हजार. एकूण 40 हजार. वर्षाला 200 तास काम झाले, तर तासाला 200 रुपये.

दोन्हींत इंधन आणि मजुरी वेगळी. म्हणजे अर्ध्या किमतीत मिळालेले यंत्र एकट्याला पूर्ण किमतीच्या सामाईक यंत्रापेक्षा दुप्पट महाग पडते. गटाला किंवा अवजार बँकेला अनुदान मिळाले तर फरक आणखी वाढतो. दोन-चार एकरांच्या बागायतदाराने आधी भाड्याने मिळते का ते पाहावे. नसेल तर गट, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा अवजार बँकेमार्फत खरेदीचा विचार करावा. छाटणीचे दिवस वेगळे असलेल्या बागा एका गटात असतील तर यंत्र वर्षभर फिरते. सगळ्यांचीच एप्रिलमध्ये खरड छाटणी असेल, तर सगळ्यांना एकाच आठवड्यात यंत्र लागेल, हेही लक्षात घ्यावे.

चिपर, श्रेडर आणि मल्चर यांतील फरक

विक्रेते तिन्ही नावे सरसकट वापरतात. काम मात्र वेगळे आहे.

- चिपर : फिरत्या चकतीवर किंवा ड्रमवर धारदार पाती असतात. समोरच्या स्थिर पात्यावर फांदी कापली जाते आणि एकसारख्या चकत्या पडतात. आंबा, काजू, चिकू, संत्रा यांच्या लाकडी फांद्यांसाठी योग्य.
- श्रेडर : हातोड्या काडी ठेचून बारीक करतात. बारीक काड्या, पाला, तुराट्या यांना चांगला. जाड लाकडाला नाही.
- मल्चर : ट्रॅक्टरमागे चालतो. ओळीत पसरलेल्या काड्या जागेवरच बारीक करतो. द्राक्षासारख्या मोठ्या, सपाट आणि ओळीत जागा असलेल्या बागेत उचलण्याची मजुरी वाचते. उताराच्या किंवा दाट बागेत त्याचा उपयोग नाही.

नारळाच्या झावळ्या आणि सुपारीच्या झापांचे तंतू लांब व चिवट असतात. ते रोटरला गुंडाळतात. असा माल असेल, तर आपल्याच झावळ्या टाकून प्रात्यक्षिक पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

एचपी नव्हे, फांदीची जाडी पाहा

माहितीपत्रकावर लिहिलेली जाडी ही कमाल क्षमता असते. तेवढ्या जाडीची फांदी अधूनमधून जाते. दिवसभर तशाच टाकल्या तर इंजिन दमते, बेल्ट घसरतो. रोजच्या कामासाठी लिहिलेल्या क्षमतेच्या साधारण दोन तृतीयांश जाडी धरावी. 75 मि.मी. लिहिलेल्या यंत्राचे खरे काम 50 मि.मी. पर्यंतचे समजावे. त्यापेक्षा जाड लाकूड सरपण म्हणून विकणेच परवडते.

खरेदीपूर्वी छाटणीच्या ढिगातील 20-25 फांद्यांची बुंध्याकडील जाडी मोजावी आणि मगच यंत्र निवडावे. पुढील गोष्टीही तपासाव्यात.

- पीटीओवर चालणारे यंत्र 540 आरपीएमचे आहे का आणि आपल्या ट्रॅक्टरची पीटीओ शक्ती त्याला पुरते का? ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचा एचपी आणि पीटीओचा एचपी एक नसतो.
- फांदी ओढणारे रोलर असतील, तर त्यांना उलट फिरवणारा किंवा झटक्यात थांबवणारा दांडा माणसाच्या हाताशी आहे का?
- माल टाकायचे तोंड इतके लांब आहे का, की हात पात्यांपर्यंत पोहोचणारच नाही?
- पाती तालुक्याच्या गावी मिळतात का? ती उलटवून दोन्ही धारांनी वापरता येतात का?
- दरपत्रकात जीएसटीचा दर स्पष्ट लिहिला आहे का?

अनुदान घ्यायचे असेल तर

कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के आणि इतरांना 40 टक्के अनुदान आहे. दोन्हींना यंत्रनिहाय कमाल मर्यादा लागू असते. शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक आहे. पूर्वसंमतीपूर्वी केलेली खरेदी अनुदानास पात्र ठरत नाही. यंत्राचा मान्यताप्राप्त संस्थेचा चाचणी अहवाल आहे का आणि पोर्टलवर आपण निवडलेला प्रकार व प्रत्यक्ष यंत्र जुळते का, हे कृषी सहायकाकडून आधी पाहून घ्यावे.

तयार झालेल्या चुऱ्याचे काय करावे?

लाकडाच्या चुऱ्यात कर्ब जास्त आणि नत्र फार कमी असते. तो मातीत मिसळला तर कुजवणारे जिवाणू जमिनीतील नत्र वापरतात आणि झाड पिवळे पडते. म्हणून ताजा चुरा मातीत न गाडता आच्छादन म्हणून वर पसरावा. थर 2 ते 3 इंचांचा, खोडापासून वीतभर लांब ठेवावा. उधईचा त्रास असलेल्या जमिनीत पातळ थर देऊन लक्ष ठेवावे. खत करायचे असल्यास शेण, हिरवा पाला मिसळून ओलावा राखावा.

तेल्याग्रस्त डाळिंबाच्या फांद्या, खोडकिडीने पोखरलेले लाकूड असा माल चिपरमध्ये टाकू नये. त्याचा चुरा बागेत पसरणे म्हणजे रोग स्वतःच्या हाताने वाटणे. तो माल वेगळा काढून बागेबाहेर नष्ट करावा. सामाईक यंत्राचा हाच धोका आहे : एका बागेतून दुसरीकडे जाण्यापूर्वी हॉपर, पाती आणि चाके झाडून-धुऊन घेण्याचा नियम गटाने पाळलाच पाहिजे.

वापरताना

- फांदी बुंध्याकडून टाकावी आणि तोंडासमोर नव्हे तर बाजूला उभे राहावे.
- पदर खोचलेला, उपरणे काढलेले, बांगड्या व सैल बाह्या नकोत. गॉगल आणि कानाला संरक्षण हवे.
- आखूड तुकडे हाताने ढकलू नयेत. लांब काठीने किंवा पुढच्या फांदीबरोबर ढकलावेत.
- द्राक्षाच्या काड्यांतील तार, सुतळी, खिळे आणि मुळांना चिकटलेले दगड-माती आधी काढावी.
- ताज्या फांद्या सहज कापल्या जातात. ढीग महिनाभर वाळवू नये.
- चकत्यांऐवजी भुगा किंवा लांब धागे पडू लागले, फांदी हातात थरथरू लागली, की धार गेली असे समजावे. सर्व पाती एकाच वेळी, सारख्या वजनाची राहतील अशी घासावीत.
- अडकलेला माल काढताना इंजिन बंद करून प्लगची टोपी काढावी. पीटीओचे यंत्र असल्यास ट्रॅक्टरची चावी काढावी. बंद केल्यावरही चकती काही वेळ फिरत राहते. ती पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नये.

फांदी टाकणारा हात कोणाचा?

मळणी यंत्रात हात गेल्याच्या घटनांनंतर देशात 1983 मध्ये धोकादायक यंत्रे नियमन कायदा झाला. चिपरचे तोंडही तितकेच निष्काळजीपणा न चालणारे आहे. बहुतेक बागांत यंत्र मालकाचे आणि फांदी टाकणारा हात मजुराचा असतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांना संरक्षण आहे : मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास 2 लाख, एक अवयव गमावल्यास 1 लाख रुपये. ज्याच्या कुटुंबाच्या नावावर सातबाराच नाही, तो मजूर या योजनेत बसत नाही.

म्हणून गटाने यंत्र घेताना भाड्याच्या दरात दोन गोष्टी धराव्यात : यंत्र चालवायला शिकवलेला एकच ठरलेला माणूस आणि त्याचा तसेच मदतनिसाचा अपघात विमा. वरच्या उदाहरणातील 200 तासांवर ही रक्कम वाटली, तर तासामागे फार थोडी वाढ होते. एकट्याच्या 30 तासांवर तीच रक्कम जड वाटते आणि म्हणूनच टाळली जाते. कृषी सहायकांनी प्रात्यक्षिकात यंत्राची क्षमता दाखवण्याआधी ते बंद कसे करायचे, हे दाखवावे.