दोन तास आणि एक छोटी बाटली

कुठेतरी मोठा अपघात होतो, चालक प्यायलेला होता अशी बातमी येते, आणि आपल्या ग्रुपवर दोन मेसेज हमखास पडतात. पहिला : फाशी द्या. दुसरा : पैसेवाला आहे, वकील लावेल आणि सुटेल. पहिला सोडून देऊ. दुसऱ्याबद्दल आज बोलायचंय, कारण तो अर्धा खरा आहे. वकील लावून लोक सुटतात. पण तो वकील नेमकं करतो काय, हे आपण कधी बघतच नाही.

माझं मत सरळ सांगतो. अशा केसमध्ये बचावाचा वकील बऱ्याचदा टेस्टरचं काम करत असतो. सिस्टीममधला बग शोधून दाखवतो. बग दाखवला म्हणून टेस्टरवरच डाफरणारा मॅनेजर आपण सगळ्यांनी पाहिलाय :) बग मात्र तिथेच राहतो.

आता कायदा बघू. मोटार वाहन कायदा, कलम 185. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असेल तर गुन्हा. 1 सप्टेंबर 2019 पासून पहिल्या गुन्ह्याचा दंड 2 हजारांवरून 10 हजारांवर गेला. बातम्या त्याच्याच झाल्या. पण त्याच दुरुस्तीत आणखी एक बदल होता. तोवर कलमात चाचणी म्हणून फक्त ब्रेथ अ‍ॅनालायझरचं नाव होतं. ‘यंत्रात फुंकायलाच लावलं नाही, मग नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर हे कलम कसं लावता?’ असं विचारायला जागा होती. दुरुस्तीत प्रयोगशाळेतल्या चाचणीचाही उल्लेख आला आणि ती जागा बुजली. बग सापडला, फिक्स झाला.

नुसत्या वासावरून माणूस प्यायलेला ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्येच एका मुंबईच्या खटल्यात सांगितलं होतं. तोंडाला वास, तोल जातोय, बोलणं अडखळतंय, असं डॉक्टर सांगत होते, पण चाचणी केलेली नव्हती. तेवढं पुरलं नाही. (विम्याचं गणित वेगळं बरं का! 2021 मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की चाचणी नसली तरी इतर पुराव्यावरून विमा कंपनी गाडीचा क्लेम नाकारू शकते. म्हणजे कोर्टात सुटलात तरी गाडीचे पैसे मिळतीलच असं नाही.)

म्हणजे सगळं येऊन थांबतं रक्ताच्या त्या छोट्या बाटलीवर. मुंबईच्या कार्टर रोडवर 12 नोव्हेंबर 2006 ला फुटपाथवर झोपलेले 7 मजूर गेले. चालकाच्या रक्तात 0.112 टक्के मद्य निघालं, तो पुरावा टिकला, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 3 वर्षांची शिक्षा कायम केली. सलमान खानच्या 2002 च्या केसमध्ये उलटं झालं. रक्त काढलं 6 मिलिलिटर, प्रयोगशाळेत पोचलं 4. बचावाने यावर बोट ठेवलं. 10 डिसेंबर 2015 ला उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं, त्याच्या कारणांत नमुन्याच्या हाताळणीबद्दलची शंकाही होती.

आणि पुणे. 19 मे 2024, कल्याणीनगर, पोर्शे. गेलेले दोघं 24 वर्षांचे इंजिनियर, आपल्यासारखेच. आपल्याला आठवतो तो 300 शब्दांचा निबंध. मला जास्त टोचतं ते वेगळंच. अपघात पहाटे अडीचच्या सुमाराचा आणि रक्त घेतलं सकाळी अकराच्या सुमारास. पुढे ते रक्तच बदललं, असा पोलिसांचा आरोप आहे. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए जुळला नाही, तेव्हा हे बाहेर आलं.

मुंबई-पुण्याचं झालं, आता आपल्या वऱ्हाडात या. 1 जुलै 2023 ला रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर ट्रॅव्हल्स पेटली, 25 माणसं गेली. टायर फुटला असं चालक सांगत होता. त्याच्या रक्तात मद्य सापडल्याचा अहवाल आला तो अमरावतीच्या प्रयोगशाळेतून. आता अशा केसमध्ये ‘मद्य सापडलं का’ एवढंच विचारून भागत नाही. ‘किती वाजता काढलेल्या रक्तात’ हेही विचारावं लागतं. साधारण तासाला 15 मिलिग्रॅमच्या हिशेबाने मद्य उतरतं. रात्री एकला 100 असेल तर सकाळी सहाला 25. कायद्याने माणूस शुद्ध!

त्यात आपला उन्हाळा. बाटलीत सोडियम फ्लोराइड नसेल तर 45 अंशांच्या उकाड्यात रक्त आंबून नसलेलं मद्यही तयार होऊ शकतं. सुई टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवला तरी शंका येते. म्हणजे हा बग दोन्ही बाजूंना चावतो. दोषी सुटतो, तसा निर्दोष अडकूही शकतो.

आणि इथेच माझा खरा आक्षेप आहे. कलम 202 म्हणतं की कलम 185 खाली अटक केल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर कोठडीतून सोडा. हे पोर्शेवाल्याच्या वकिलाला तोंडपाठ असतं. ‘काही नाई होत भाऊ, दोनच तं घेतले’ म्हणत मूर्तिजापूरहून दुचाकीवर निघालेल्या माणसाला कोण सांगणार? तो कोर्टात जातो, रिपोर्ट न बघता गुन्हा कबूल करतो, दंड भरून घरी येतो. (त्याने प्यायला नको होती, हे आहेच.) पण कायदा दोघांना एकच, वापरता येतो एकालाच.

आपण काय करतो? शिक्षा वाढवतो. 1 जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर 2 ऐवजी 5 वर्षांपर्यंत कैद. चांगलंय. पण बाटलीच फुटकी असेल तर 5 काय आणि 50 काय!

मागण्या साध्या आहेत. अपघात, अटक आणि रक्त काढल्याची वेळ एकाच कागदावर, मिनिटासकट. दोन सीलबंद बाटल्या, एक फेरतपासणीसाठी राखून. यंत्रातून निघालेल्या पट्टीची प्रत चालकाच्या हातात. रात्रपाळीच्या डॉक्टरच्या खोलीत योग्य बाटल्यांचा साठा. यातल्या कशालाही रॉकेट सायन्स लागत नाही. आपल्या ऑफिसात साधा पासवर्ड बदलला तरी त्याची वेळ नोंदली जाते.

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला दरम्यान 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत अंथरून आपण गिनीज बुकात गेलो. सेकंदाचाही हिशेब ठेवला असेल. त्याच रस्त्यावर रात्री अपघात झाला तर रक्ताची बाटली दोन तासांत भरून, सील होऊन, नोंद होऊन निघावी, एवढीच अपेक्षा आहे. मग लावू दे कोणाला कितीही मोठा वकील.