डिस्क बिचाऱ्या काय करतील?

कळसाडीला शेतात गेलं की हे हमखास दिसतं: एका डीपीवर मोटारी वाढल्या की व्होल्टेज पडतं. तेव्हा शेतकरी नवी मोटार आणायला धावत नाही. दुसरी डीपी द्या म्हणून भांडतो.

आम्हा इंजिनियर मंडळींना हे का कळत नाही? मागे एका ठिकाणी रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत संपेना. निदान काय, तर "डिस्क जुन्या झाल्यात". 24 नव्या डिस्क आल्या. वेग तेवढाच!

अहो, साधा गुणाकार करा. एक डिस्क सलग वाचताना सेकंदाला 150 एमबी देते असं धरा. 24 मिळून 3600. पण सगळ्या एका एक्स्पांडरमधून, चार लेनच्या एकाच केबलने कंट्रोलरला जोडलेल्या. 6 गिगाबिटची एक लेन म्हणजे 600 एमबी, चारांचे 2400. प्रत्येकीच्या वाट्याला फार तर 100. डिस्क बदलून हा आकडा कसा बदलणार?

आधी एकच डिस्क वाचून बघा, मग सगळ्या एकदम. एकटी पळते आणि घोळक्यात रांगते? मग दोष वाटेत आहे. दुसरी केबल टाका, नाहीतर दुसरा कंट्रोलर लावा. कार्ड कमी लेनच्या स्लॉटात तर बसवलं नाही ना, तेही बघा.

"डिस्क बदलू" म्हणणं सोपं, कारण त्यात काही मोजावं लागत नाही. पैसे सोडून! असो.