पहिली पायरी

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. शाळेचे छप्पर गळू लागले की अर्ज लिहून ते आमच्या गटाच्या झेडपी सदस्याकडे जात. कधी कधी सायकलच्या दांडीवर बसून मीही जात असे. सदस्य गोठ्यात तरी असायचे, नाही तर पारावर. अर्ज वाचायचे, दोन प्रश्न विचारायचे आणि बहुधा म्हणायचे, "गुरुजी, पैसा संपलाय. मार्चनंतर बघू." मी पाहिलेला पहिला राजकारणी तो.

आर. आर. पाटलांची कारकीर्द आठवली की मला तो पार आठवतो. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचा, 'कमवा आणि शिका' योजनेतून शिकलेला हा तरुण 1979 साली सावळज गटातून सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आला. आमदार झाला तो 1990 मध्ये. मधली अकरा वर्षे त्यांचे चरित्र सांगणारे एका ओळीत उरकतात. माझ्या मते खरे शिक्षण तिथेच झाले. झेडपी सदस्याकडे सत्ता थोडी आणि गाऱ्हाणी भरपूर. पाझर तलाव अर्धवट, दवाखान्यात डॉक्टर नाही, शाळेला खोली नाही. आणि 'नाही' म्हणायचे ते तोंडावर, कारण तोच माणूस उद्या बाजारात भेटणार! (ही अकरा वर्षे त्यांना लाभली तीही निवडणुका लांबल्यामुळे. 1979 नंतरची झेडपी निवडणूक थेट 1992 मध्ये झाली.)

1999 मध्ये ते राष्ट्रवादीत गेले, ग्रामविकासमंत्री झाले आणि पुढे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघाले. आधी अनुदान, मग काम हा सरकारी क्रम त्यात उलटा होता. गावाने आधी झाडू घ्यायचा, बक्षीस नंतर. शेजारच्या गावाशी ईर्षा ही काय चीज असते, हे ठाऊक असलेल्यालाच असे सुचावे. 2004 मध्ये ते उपमुख्यमंत्री झाले तेव्हा मुख्यमंत्री होते विलासराव देशमुख, एके काळचे बाभळगावचे सरपंच.

पारावर सगळेच शिकायला मिळते असे नाही. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर एका वाक्याने आबांचे पद गेले. 2009 मध्ये ते पुन्हा गृहमंत्री झाले आणि 16 फेब्रुवारी 2015 रोजी, साठीही न गाठता, गेले.

त्यांची जागा आधी पत्नी सुमनताईंकडे आणि 2024 मध्ये मुलगा रोहित यांच्याकडे आली. रोहित यांनी त्याआधी कवठेमहांकाळ नगरपंचायतीच्या लढतीत घाम गाळला होता, त्यामुळे नुसता वारसदार म्हणून त्यांना हिणवणे मला पटत नाही. पण ज्याच्यामागे आडनाव नाही, त्या शेजारच्या घरातल्या मुलाचे काय? त्याचा जिना झेडपीच होता. 73 व्या घटनादुरुस्तीने पाच वर्षांची मुदत बांधून दिली. तरीही मार्च 2022 मध्ये मुदत संपलेल्या अनेक जिल्हा परिषदा तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे खरे. पण तोवर या मुलाने करायचे काय? पुढाऱ्याच्या गाडीमागे फिरायचे आणि वाढदिवसाचे फ्लेक्स लावायचे. त्यात कुणाचा अर्ज वाचावा लागत नाही.

माझी पुतणी वडिलांच्याच पेशात आहे. त्या काळात तिच्या शाळेचे छप्पर गळू लागले. "काका, अर्ज कुणाकडे नेऊ?" तिने विचारले. प्रशासक जिल्ह्याच्या गावी, साठ किलोमीटरवर. गावातले एकही नाव मला सांगता येईना.