छंदाचा किरण आणि मिरवणुकीचा झोत

गणेशोत्सव जवळ आला की मिरवणुकीत लेसरचे झोत सोडण्यास मनाई करणारे हुकूम राज्यातील मोठ्या शहरांतून निघू लागले आहेत. २०२३ च्या विसर्जनानंतर नाशिक व पुणे येथील नेत्रतज्ज्ञांकडे डोळ्याच्या पडद्याला इजा झालेले तरुण येऊ लागले, आणि २०२४ साली पुणे पोलिसांनी उत्सवाच्या दिवसांपुरती अशा झोतांवर बंदी घातली. बंदी योग्यच होती. परंतु असे हुकूम ज्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखाली काढले जातात, ते कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे आणि त्याखालील हुकूम एरवी दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. उत्सव संपतो, हुकूम संपतो, दिवे गोदामात जातात आणि पुढे वरातीत व नव्या वर्षाच्या स्वागताला पुन्हा बाहेर येतात. तातडीचे हत्यार वर्षानुवर्षे उपसावे लागणे ह्याचा अर्थ, कायमचा नियम करण्याचे काम कोणीतरी टाळले आहे एवढाच होतो.

ह्या बंदीच्या गदारोळात आणखी एक गोष्ट दृष्टीआड होते. लेसर हा केवळ मिरवणुकीचा दिवा नव्हे. जगभर हजारो हौशी माणसे तो स्वतःच्या हाताने जुळवतात, निरनिराळ्या रंगांचे लेसर जमवतात, आपापले प्रयोग एकमेकांना दाखवतात आणि त्यातून प्रकाशशास्त्र शिकतात. सरसकट बंदीची भाषा बोलणाऱ्यांना हा छंद आणि तो झोत ह्यांत फरक दिसत नाही. आणि फरक न करणाऱ्या नियमाने झोत थांबत नाही, छंद तेवढा मरतो. लेसरपासून डोळे वाचवायचे असतील तर लेसर ओळखणारी माणसे समाजात वाढली पाहिजेत, हा मुद्दा ह्या वादात अद्याप कोणी नीट मांडलेला नाही.

ठाण्याचे वर्तकनगर हे ह्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू ध्यानात याव्यात असे ठिकाण आहे. एकीकडे गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या इमारती, दुसरीकडे पोखरण रस्त्यावरील कारखान्यांचा पट्टा, अशी ह्या वस्तीची घडण. रेमंडसारख्या कारखान्याच्या जागी आज निवासी मनोरे उभे आहेत. दहीहंडी व गणेशोत्सव ह्यांचा थाट येथे मोठा आणि त्यावर होणारा खर्चही मोठा. परंतु कारखाना गेला तेव्हा केवळ रोजगार गेला असे नाही. यंत्र उघडून पाहणारा, बिघडलेली वस्तू फेकण्याआधी तिच्यातील सुटे भाग काढून ठेवणारा जो कामगार घराघरांत होता, त्याच्या सहवासात मुलांना मिळणारे हातांचे शिक्षणही गेले. अशा वस्तीतील एखाद्या विद्यार्थ्याला लेसरचा नाद लागला, तर आज त्याला त्याविषयी विचारायला जागा नाही. झोतापुढे नाचायला मात्र रस्ताभर जागा आहे.

ह्या छंदाची परंपरा लेसरइतकीच जुनी आहे. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन ह्याने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. चारच वर्षांनी, सप्टेंबर १९६४ मध्ये, हेलियम व निऑन वायूंचा लेसर घरी कसा तयार केला ह्याचे वर्णन ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या हौशी शास्त्रज्ञांसाठीच्या सदरात आले. त्याच १९६४ साली कुमार पटेल ह्यांनी बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा लेसर शोधून काढला. पटेल ह्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील. ज्या किरणाने आज गल्लीतील दुकानदार नामफलकाची अक्षरे कापतो, तो पुष्कळदा ह्याच जातीचा असतो. १९७४ साली त्याच मासिकात नायट्रोजन लेसरची माहिती आली आणि तेव्हापासून तो हौशी मंडळींचा आवडता प्रयोग ठरला.

आपला देशही ह्यात मागे नव्हता. ठाण्याच्या खाडीकाठी तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रात, मेमनच्या शोधानंतर अवघ्या चार-पाच वर्षांत, गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार झाला होता. १९८४ साली इंदूरला लेसर व प्रवेगक ह्यांच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्राची पायाभरणी झाली आणि डॉ. दिलीप भवाळकर हे त्याचे पहिले संचालक झाले. मोठ्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. पण त्या प्रयोगशाळा आणि वस्तीतील मुलगा ह्यांच्यामध्ये जी पायरी असावी लागते, ती घातली गेली नाही. ती पायरी म्हणजे छंद.

आज हौशी माणसाला वायूची नळी फुंकून घेण्याची गरज उरलेली नाही. टाकून दिलेल्या डीव्हीडी लेखकयंत्रात ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेसर डायोड असतो. ब्लू-रे यंत्रात ४०५ नॅनोमीटरचा जांभळा असतो. काही जुन्या प्रक्षेपकांत ४४५ नॅनोमीटरच्या निळ्या डायोडांची रांग असते. संग्राहकाला ह्या आकड्यांचे वेड असते. टपाल तिकिटे जमवणारा जसा छपाईतील फरक टिपतो, तसा हा माणूस दोन हिरव्या किरणांतील फरक टिपतो. मात्र ह्या छंदात अज्ञानाला क्षमा नाही. नायट्रोजन लेसरला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि त्यातील धारित्राचा धक्का जीव घेऊ शकतो. म्हणून खरा हौशी आधी किरणाची शक्ती मोजतो, त्या तरंगलांबीसाठीच बनवलेला संरक्षक चष्मा घालतो, टेबलावरील चकचकीत वस्तू दूर करतो, किरण डोळ्यांच्या पातळीवर ठेवीत नाही आणि त्याच्या वाटेच्या शेवटी तो अडवणारा काळा ठोकळा ठेवतो. ही शिस्त त्याला हुकुमाने लागलेली नसते. आपण काय हाताळतो आहोत हे ठाऊक असल्यामुळे लागलेली असते.

हे जे ठाऊक असणे आहे, ते मिरवणुकीत कोणालाच नसते. सूर्याकडे पाहू नये हे प्रत्येकाला माहीत आहे. सूर्याची प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावर ज्या जागेत पडते, तिच्यापेक्षा कितीतरी लहान ठिपक्यावर डोळ्याचे भिंग लेसरचा समांतर किरण एकवटते. त्यामुळे बाहुलीपाशी असलेली प्रखरता पडद्यापर्यंत पोहोचताना सुमारे लाखपटीने वाढते. आंतरराष्ट्रीय मानकात लेसरचे वर्ग ठरलेले आहेत ते ह्याच कारणाने. एक मिलिवॅटपर्यंतचा दृश्य किरण दुसऱ्या वर्गात येतो. पापणी सुमारे पाव सेकंदात मिटते आणि तेवढ्यात इजा होत नाही, हा त्यामागील हिशेब. पाच मिलिवॅटच्या पुढे पापणीच्या भरवशावर राहता येत नाही. पाचशे मिलिवॅटच्या पुढील सर्व लेसर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडतात. समारंभातील झोत कित्येक वॅटचे असतात आणि एक वॅट म्हणजे हजार मिलिवॅट.

असा झोत धोकादायक ठरू नये म्हणून यंत्रातील आरसे तो सतत फिरवीत असतात. पण आरसा क्षणभर अडकला, किंवा झोत एका जागी स्थिर ठेवला, की सारी शक्ती एका डोळ्यात उतरते. अमेरिकेत अशा खेळांना परवानगी देताना किरण प्रेक्षकांच्या उभे राहण्याच्या जागेपासून किमान तीन मीटर उंचीवर ठेवावा, अशी अट घालतात. आपल्या मिरवणुकीत यंत्र टेम्पोवर बसवलेले असते आणि झोत समोर नाचणाऱ्यांच्या नेमका तोंडावर येतो. झोताचे चित्रण करताना मोबाइलच्या कॅमेऱ्यातील संवेदक जळतो, हा अनुभव अनेकांनी घेतलेला आहे. कॅमेरा नवा आणता येतो. पडद्याच्या मध्यबिंदूवरील पेशी जळल्या तर त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि वाचनाची, सुईत दोरा ओवण्याची, समोरचा चेहरा ओळखण्याची दृष्टी त्याच बिंदूत असते. इजा होताना पुष्कळदा दुखतही नाही. दुसऱ्या दिवशी नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो तेव्हा ती कळते.

ह्यावर असा आक्षेप येईल की, हौशी मंडळी सगळीच विवेकी नसतात. रात्री विमानावर किरण रोखणारी वा मित्राच्या डोळ्यांशी खेळ करणारी मुलेही त्यांच्यातच निघतात. आक्षेप खरा आहे. विमानावर लेसर रोखणे हा अमेरिकेने २०१२ साली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला. ब्रिटनने २०१८ साली वाहने व विमाने ह्यांसाठी तसाच कायदा केला. मुंबईच्या विमानतळापासून जवळ असलेल्या ठाणे परिसरात ह्या बाबतीत कठोरच असले पाहिजे. शिवाय स्वस्त वस्तूंवरील आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १२२ निर्देशक तपासले तेव्हा हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के सुरक्षिततेच्या मर्यादेत बसत नव्हते, असे २०१३ साली जाहीर झाले. काही हिरव्या निर्देशकांतून तर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरणही बाहेर पडतो. तो दिसत नसल्यामुळे पापणी मिटत नाही. पण हे सारे ओळखतो कोण? ज्याच्यापाशी मापक आहे आणि मोजण्याची सवय आहे तोच. म्हणजे पुन्हा हौशीच.

ऑस्ट्रेलियाने २००८ च्या सुमारास विमानांवरील प्रकारांनंतर एक मिलिवॅटपेक्षा अधिक शक्तीच्या निर्देशकांवर कडक निर्बंध आणले. पण तेथील काही राज्यांनी मान्यताप्राप्त खगोल संस्थांच्या सभासदांना आकाशदर्शनासाठी सवलत ठेवली. हा विवेक अनुकरणीय आहे. वांगणीला रात्रभर आकाशदर्शन घडवणारे मुंबईचे खगोल मंडळ किंवा १९४४ पासून काम करणारी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था ह्यांसारख्या संस्था आपल्याकडेही आहेत. शंभर माणसांना एकाच वेळी ध्रुवतारा दाखवायचा तर हिरव्या किरणाइतके सोयीचे साधन नाही. संस्थेच्या जबाबदारीवर जाणकाराने वापरलेला किरण आणि टेम्पोवरून गर्दीवर सोडलेला झोत ह्यांना एकच नियम लावणे हा कायद्याचा आळस होय.

नियम करणे अशक्य नाही, ह्याचा दाखला ठाण्यातच आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा ठरली. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर ह्यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली त्या नियमांची अंमलबजावणी उत्सवांतही झाली पाहिजे, असे बजावले. आवाज थांबला असे कोणी म्हणणार नाही. पण तक्रार करणाऱ्याच्या हाती एक आकडा आला आणि पोलिसांच्या हाती मापक आले. प्रकाशाच्या बाबतीत असा आकडा कायद्यात नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण क्ष-किरणांसारख्या आयनकारी प्रारणांपुरते आहे. लेसर त्यात येत नाही. लेसर उत्पादनांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्युरोचे आय. एस. १४६२४ हे मानक आहे, परंतु पदपथावर विकल्या जाणाऱ्या नळीपर्यंत ते पोहोचलेले दिसत नाही. २०२४ साली हा विषय उच्च न्यायालयापुढे गेला असता लेसरच्या अपायाचा शास्त्रीय पुरावा कोठे आहे, असा प्रश्न न्यायालयाने विचारला. तो पुरावा जगभरच्या नेत्रवैद्यकात विखुरलेला आहे. आपल्या जिल्ह्यांतील रुग्णांची नोंद मात्र एका ठिकाणी होत नाही, ही उणीव शासनाची आहे.

तेव्हा करावयाचे काम स्पष्ट आहे. लेसरची विक्री वर्गाप्रमाणे व्हावी, आणि पाच मिलिवॅटवरील साधन घेणाऱ्याची नोंद दुकानदाराने ठेवावी. समारंभाच्या यंत्रांना, ध्वनिक्षेपकाप्रमाणेच, आगाऊ परवाना लागावा; तो देताना चालकाचे प्रशिक्षण झाले आहे काय आणि झोत माणसांच्या डोक्यांवरून पुरेशा उंचीने जातो काय, हे पाहिले जावे. वर्तकनगरच्या पोलीस ठाण्यातील अंमलदाराला झोताची शक्ती मोजता आली पाहिजे. नाहीतर हुकूम भिंतीवरच राहील. लेसरमुळे झालेल्या प्रत्येक इजेची नोंद सरकारी रुग्णालयातून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे.

आणि ह्या सर्वांइतकेच महत्त्वाचे काम शिक्षकांचे व महाविद्यालयांचे आहे. ठाण्याचे बांदोडकर, कल्याणचे बिर्ला, डोंबिवलीचे पेंढरकर ह्या महाविद्यालयांनी आठवड्यातून एक सायंकाळ आपली पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा परिसरातील हौशी मुलांसाठी उघडली, तर त्यांना मापक मिळेल, चष्मा मिळेल आणि चूक होण्याआधी सांगणारा माणूस मिळेल. मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थेला हा उपक्रम अवघड नाही. अशा मुलांपैकी एकेकाला उत्सवाआधी आपापल्या मंडळाच्या बैठकीत अर्धा तास बोलू द्यावे. टेम्पोवरील यंत्र किती वॅटचे आहे आणि त्याचे तोंड कोणीकडे आहे, हे दोन प्रश्न त्या बैठकीत विचारले गेले, तर पोलिसांचा हुकूम निघण्याआधीच निम्मे काम झालेले असेल.