निरभ्र आकाश, विरळ हवा

आकाशात ढगाचा ठिपका नाही, डोंगर स्वच्छ दिसत आहेत, धावपट्टी कोरडी आहे आणि तरीही विमान उडणार नाही असे सांगण्यात येते, तेव्हा प्रवाशाला संताप येणे स्वाभाविकच होय. जुलै २०२४ च्या अखेरीस लेहच्या विमानतळावर हेच घडले. कारण देण्यात आले ते उष्म्याचे. ज्या लडाखचे नाव काढताच लोकरीचे कपडे आठवतात, तेथे उन्हामुळे विमाने रद्द व्हावीत, ही अनेकांना निव्वळ सबब वाटली असल्यास नवल नाही. परंतु ती सबब नव्हती.

धुके, पाऊस, वादळ यांचे भय सर्वांना समजते, कारण ती डोळ्यांना दिसतात. हवेचा विरळपणा दिसत नाही. पंखांना उचलून धरणारी हवा विरळ झाली की तोच भार पेलण्यासाठी विमानाला अधिक वेगाने धावावे लागते. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब मुळातच समुद्रकाठच्या दोन तृतीयांश. त्यात पारा तिशीपलीकडे गेला की हवा आणखी प्रसरण पावते. मुंबईत विमान ज्या वेगाला जमीन सोडील, त्याहून एक पंचमांशाने अधिक वेग तेथे गाठावा लागतो. इंजिनाच्या वाट्यालाही तीच विरळ हवा येत असल्याने त्याचा जोर घटतो. बैल दमावा आणि नेमका तेव्हाच घाटाचा चढ वाढावा, असा हा प्रकार! धावपट्टी मात्र होती तेवढीच राहते.

डोंगराळ मुलखाचीच ही अडचण आहे असेही नाही. जून २०१७ मध्ये अमेरिकेतील फिनिक्स शहरात पारा ४८ अंशांच्या वर जाणार असे दिसताच चाळीसच्या आसपास उड्डाणे रद्द करावी लागली होती.

अशा वेळी उपाय दोनच: ओझे कमी करणे किंवा थांबणे. थांबण्याचा निर्णय घेणाऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. परंतु भाडे परत मिळाले, तरी शस्त्रक्रियेसाठी दिल्लीस निघालेल्या रुग्णाचा किंवा परीक्षेस निघालेल्या विद्यार्थ्याचा गेलेला दिवस परत मिळत नाही. उष्म्याचा अंदाज तर आदल्या दिवशीच हाती असतो. दुपारच्या डोंगरी वाऱ्यांमुळे लेहची उड्डाणे मुख्यतः सकाळी होतातच. जुलै-ऑगस्टमध्ये ती पहाटेकडे आणखी सरकवणे, लेहहून निघताना मुळातच थोड्या जागा विकणे आणि धोका दिसताच आदल्या संध्याकाळी तसे कळवणे, एवढे तरी विमान कंपन्यांनी करावयास हवे.